पोस्टमन नसलेली कादंबरी

गेल्या मे महिन्यात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून आम्ही कोल्हापूरहून घरी परतत होतो. आम्ही म्हणजे दोघे. एकाच महाविद्यालयाच्या एकाच विभागात मराठी शिकवणारे पतिपत्नी. ग्रामीण कादंबरीच्या वैशिष्ट्यांविषयीच्या एकाच प्रश्नाची काही शे उत्तरे सहा दिवसांत वाचून झाल्यावर छापील अक्षराचीही शिसारी यावी, अशी आमची अवस्था होती. तरीही बसस्थानकाजवळच्या रद्दीच्या दुकानापाशी पाय अडखळलेच. तिथे तीस रुपयांत एक जीर्ण इंग्रजी पुस्तक मिळाले. जेम्स एम. केन या अमेरिकी लेखकाची 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' ही १९३४ सालची कादंबरी. ती घेण्यामागे कोणताही वाङ्मयीन हेतू नव्हता. पुस्तक सव्वाशे पानांच्या आतले होते आणि साताऱ्यापर्यंतचा प्रवास तीन तासांचा होता, इतकेच.

एक पुस्तक आणि दोन वाचक ही आमच्या घरातील जुनी अडचण. आमच्यातील ती भरभर वाचते. आमच्यातील तो हातात पेन्सिल नसली तरी अधोरेखन करीत असल्यासारखा वाचतो. पान वाचून झाले की ती अंगठा पानाच्या कोपऱ्यावर ठेवून थांबते, तो मान हलवतो आणि मगच पान उलटते. या पुस्तकात मात्र पहिल्या काही पानांनंतर अंगठ्याला थांबावे लागेना. वीस वर्षांच्या सहवाचनात त्याने तिला वेगात गाठल्याचा हा पहिलाच प्रसंग.

कथानक सांगितल्याविना पुढे जाता येणार नाही. ज्यांना ही कादंबरी कोरी पाटी घेऊन वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे. आम्ही मुळीच रागावणार नाही.

अमेरिकेतील महामंदीचा काळ. फ्रँक चेंबर्स हा भटक्या तरुण गवताच्या ट्रकमधून चोरून प्रवास करताना सापडतो आणि भर दुपारी रस्त्यावर उतरवला जातो. समोर कॅलिफोर्नियातील शेकडो ठिकाणांसारखेच एक ठिकाण आहे: पेट्रोलपंप, त्याला लागून खाणावळ, मागे प्रवाशांसाठी चारदोन खोल्या. आपल्याकडचा हमरस्त्यावरचा ढाबा म्हणा ना. मालक निक हा ग्रीक, मनमोकळा, गाण्याचा नादी. त्याची बायको कोरा स्वयंपाकघरात. फ्रँक थापा मारून पोटभर जेवतो, जेवता जेवता नोकरीही मिळवतो, आणि त्याच वेळी कोरा त्याच्या दृष्टीस पडते. आपल्या परिचयाच्या कादंबऱ्यांत एवढ्या मजकुरात गावाची वेस आणि पाटलाचा वाडा यांचेच वर्णन पुरे झाले असते. इथे पहिल्या पंधरा-वीस पानांत दोघांची गाठ पडते, देह जवळ येतात आणि निकला मारण्याचा विचार उच्चारला जातो. तो उच्चारही कसा? त्याला जणू कुणी एक जन्म देतच नाही. एक अर्धे वाक्य बोलतो, दुसरा उरलेले अर्धे, आणि मधल्या मोकळ्या जागेत खून उभा राहतो.

हे साधते त्याचे एक कारण केनच्या संवादलेखनात आहे. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' ही जोडवाक्ये तो शक्य तिथे गाळून टाकतो. आठ-दहा ओळींच्या संभाषणानंतर कोणती ओळ कुणाची हे मोजून पाहावे लागते. आम्ही काही ठिकाणी खरोखरच बोटाने ओळी मोजल्या. पुढे लक्षात आले की ही केवळ वेगासाठी केलेली काटछाट नाही. पूर्वार्धात फ्रँक आणि कोरा यांचे आवाज असे मिसळतात की बोलणारा एकच असावा. कादंबरीच्या उत्तरार्धात हेच दोन आवाज वेगळे ओळखू येऊ लागतात, आणि तीच या कादंबरीची शोकांतिका.

पहिला प्रयत्न फसतो. बेत असा, की निक न्हाणीघरात टबमध्ये असताना कोराने त्याच्या डोक्यात फटका मारायचा, त्याला पाण्याखाली धरायचे आणि पाय घसरून झालेला अपघात म्हणून तो खपवायचा. फ्रँक बाहेर पहाऱ्यावर. एक पोलीस सहज येऊन थांबतो. शिडीवर चढणारे एक मांजर त्याला दिसते, त्याचे त्याला कौतुक वाटते आणि तो निघून जातो. थोड्याच वेळात ते मांजर फ्यूजच्या पेटीवर पाय ठेवते आणि सगळीकडे अंधार होतो. निक जखमी होतो, पण वाचतो.

आमची बस तेव्हा किणीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी होती. अंधाराचे ते वाक्य आले आणि आम्हा दोघांच्याही तोंडून एकाच वेळी 'च्च' असा उद्गार निघाला. हळहळीचा. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिले. क्षणभराने आमच्या ध्यानात आले की ही हळहळ निकच्या जखमेसाठी नव्हतीच. बेत फसला म्हणून ती होती. ज्या माणसाने एका भुकेल्या वाटसरूला जेवू घातले, काम दिले, विश्वासाने घरात ठेवले, तो वाचला याचे आम्हाला वाईट वाटले होते. दोघेही अध्यापक, दोघेही पापभीरू, मुंगी पायाखाली आली तर पाऊल उचलणारे.

साहित्यशास्त्राच्या तासाला न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' आम्ही गेली वीस वर्षे शिकवतो आहोत. वाचक दुसऱ्याच्या अवस्थेत शिरतो, तिच्याशी तन्मय होतो, पण आपले निराळेपण पुरते विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयीन आनंद निर्माण होतो, असा त्या मताचा गाभा. उदाहरणे ठरलेली: नाटकातील राजाराणी, करुण प्रसंग, प्रेक्षकांचे अश्रू. खुनाच्या कटात सामील झालेला वाचक हे उदाहरण आम्ही कधी दिले नव्हते, कारण ते आमच्या अनुभवात नव्हते. किंवा होते, पण त्याला वाङ्मयीन म्हणण्याचे धाडस नव्हते. किणीच्या नाक्यावर आमची समाधी लागली होती आणि तिच्यातला 'सविकल्प' हा शब्द पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिले तेव्हा कुठे जागा झाला. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाचाही इथे फारसा उपयोग होईना. भीती आणि करुणा यांचे विरेचन व्हायचे तर आधी त्या उत्पन्न व्हायला हव्यात. आमच्या मनात उत्पन्न झाली होती ती अधीरता: आता दुसऱ्या वेळी तरी नीट करा!

रंजनप्रधान वाचनाविषयीची आमची जुनी आढ्यता इथे कबूल करायला हवी. आम्ही एम.ए. झालो तेव्हा रहस्यकथा हा विषय वाङ्मयेतिहासात एखाद्या टीपेपुरता येई. गो. ना. दातारांचे नाव घ्यायचे, बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या हे आश्चर्य म्हणून सांगायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. एवढ्या कथा ज्यांनी वाचल्या त्या वाचकांचे काय झाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आम्हीही नाही. २००९ साली आमच्यातील त्याने तासाला बाकाखाली सुहास शिरवळकरांची एक कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडून ती काढून घेतली होती. 'यापेक्षा काहीतरी वाचा', हे तेव्हाचे त्याचे शब्द. जणू मुलगा वाचत नव्हताच. पुस्तकावर एका ग्रामवाचनालयाचा शिक्का होता. ते परत द्यायचे राहून गेले आणि तो मुलगाही पुढच्या वर्षी दिसला नाही. गेल्या जूनमध्ये आम्ही ते कपाटातून काढून एका बैठकीत वाचले आणि वाचनालयात नेऊन दिले. दंडाची रक्कम मोजायला ग्रंथपालांनी नकार दिला.

गंमत अशी की ज्या साहित्याच्या बळावर आम्ही ही आढ्यता मिरवत होतो, त्याचीच एक मुळी या पातळ पुस्तकात निघते. अस्तित्ववाद हा आमच्या पिढीच्या मराठी अभ्यासकांचा लाडका विषय. साठोत्तरी मराठी कादंबरीतील परात्म नायकाविषयी बोलताना आल्बेर कामूच्या 'द आउटसायडर'चे नाव आम्ही न चुकता घेतो. ती कादंबरी १९४२ ची. तिच्यामागे केनच्या या कादंबरीची प्रेरणा असल्याचे कामूने मान्य केले होते, ही माहिती आमच्या वाचनात फार पूर्वी आली होती आणि आम्ही ती टीप म्हणूनच जपली होती. मूळ पुस्तक वाचावे असे कधी वाटले नाही. आता वाचल्यावर साम्य डोळ्यांत भरते: प्रथमपुरुषी निवेदन, भावनेविषयी मौन बाळगणारी छोटी वाक्ये, प्रखर उन्हाचा प्रदेश, फाशीच्या छायेतला निवेदक. कामूने त्यातून तत्त्वचिंतन घडवले. केन चिंतन करीत नाही, तो फक्त पुढे काय झाले ते सांगतो. यातला कोण श्रेष्ठ या वादात आम्ही शिरत नाही. पण वर्गात एकाला व्यासपीठ आणि दुसऱ्याला बाकाखालची जागा, ही आमची वाटणी ज्ञानावर नव्हे, ऐकीव गोष्टींवर आधारलेली होती.

केनविषयीही थोडे. त्याचा जन्म १८९२ चा. वडील महाविद्यालयाचे अध्यक्ष, आई गायिका. त्यालाही गायक व्हायचे होते. ते जमले नाही. मग वृत्तपत्रात लेखन, काही काळ ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात अध्यापन, पुढे न्यूयॉर्क आणि अखेरीस हॉलिवूड. ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. चाळिशीतला माजी अध्यापक! या तपशिलाने आम्हाला विनाकारण धीर आला, हेही नोंदवून ठेवतो. रूथ स्नायडर आणि जड ग्रे या जोडीने १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या नवऱ्याचा केलेला खून आणि पुढे परस्परांवर केलेले दोषारोप त्या काळी फार गाजले होते. कादंबरीचे बीज तिथले. हस्तलिखिताचे नाव होते 'बार-बी-क्यू'. प्रकाशकाला ते रुचले नाही आणि व्हिन्सेंट लॉरेन्स या पटकथालेखक मित्राशी बोलताना दोनदा घंटी वाजवणारा पोस्टमन सापडला. कादंबरीत पोस्टमन कुठेही नाही. बसमध्ये साठ-सत्तर पानांपर्यंत आम्ही त्याची वाट पाहत होतो.

दुसरी घंटी वाजते ती मालिबू तलावाच्या वाटेवर. तिघे मोटारीतून निघालेले, निक दारूच्या नशेत. डोंगराळ रस्त्यावर त्याला आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकण्याचा नाद लागतो. तो वरच्या पट्टीत स्वर लावतो, थांबतो, परत आलेला स्वर ऐकून लहान मुलासारखा खूश होतो. अशाच एका स्वरानंतर फ्रँक त्याच्या डोक्यात बाटली घालतो. माणूस संपतो. आणि मग त्याने लावलेला तो शेवटचा स्वर डोंगरावरून परत येतो.

या जागी आम्ही दोघांनीही पुस्तक खाली ठेवले. गायक होऊ न शकलेल्या माणसालाच हे सुचू शकते, असे आमच्यातील ती म्हणाली. भयानक रसाची जी काही उदाहरणे आम्ही आजवर फळ्यावर लिहिली, त्यांत रक्त, स्मशान, भुते सगळे होते. मेलेल्या माणसाच्या कंठातला जिवंत स्वर नव्हता. केनने यावर एकही विशेषण खर्च केलेले नाही. स्वर आला आणि थांबला, बस. बाटलीचा घाव घालणारा हात आमचाही होता, कारण किणीपासून आम्ही याचीच वाट पाहत होतो. परत आलेला स्वर ऐकणारे कानही मग आमचेच झाले.

कराडला बस पंधरा मिनिटे थांबली. चहा घेतला. आता उरलेली पाने पोलीस आणि न्यायालय यांची असणार, वेग मंदावणार, असा आमचा होरा होता. तो साफ चुकला. कादंबरीचा खरा गाभा तिथूनच सुरू होतो.

रुग्णालयात पडलेल्या जखमी फ्रँकला सॅकेट हा सरकारी वकील गाठतो. तो आरडाओरडा करीत नाही. तो केवळ एक शक्यता फ्रँकसमोर ठेवतो: हे सगळे त्या बाईने केले असेल, आणि ती तुलाही मारणार असेल तर? मोटार तुझ्याही अंगावर आलीच होती. निर्दोष असशील तर तिच्याविरुद्ध तक्रारीवर सही कर. आणि फ्रँक सही करतो. तिच्यासाठी माणूस मारणारा प्रियकर दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यात तिच्याविरुद्ध कागदावर सही करतो. कोराला हे कळते तेव्हा संतापाच्या भरात ती आपला आणि त्याचा सगळा गुन्हा सांगून टाकते. तो लिहून घेणारा माणूस पोलिसांचा नसून बचावाच्या वकिलाचा, कॅट्झचा आहे, हे तिला ठाऊक नसते. हा कॅट्झ म्हणजे इरसाल नमुना. मग विमा कंपन्यांचे हिशेब परस्परांशी जुळवले जातात, खुनी ठरण्यापेक्षा निर्दोष ठरणेच सर्वांना स्वस्त पडेल अशी व्यवस्था होते आणि दोघे सुटतात. वर निकच्या विम्याचे दहा हजार डॉलर. न्यायालयाविषयी इतके कडवट आणि इतके गमतीदार प्रकरण आमच्या वाचनात क्वचितच आले असेल.

पण आम्हाला ते गमतीने वाचता आले नाही. सहीच्या प्रसंगापाशी पान वाचून झाले होते, दोघांचेही. तिचा अंगठा कोपऱ्यावर होता आणि पान उलटत नव्हते. उंब्रजच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे बस वळणावळणाने हळू चालली होती. आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्याचे कारण असे. २०१२ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या कामावर दोघांचीही नेमणूक झाली होती. प्रथम वर्षाच्या वर्गाची वीस गुणांची अंतर्गत चाचणी घ्यायची राहिली आणि गुण भरायची मुदत आली. स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, आम्ही दोघांनी ठरवले की चाचणी न घेता गुण भरून टाकावेत. आपल्याला मुले माहीत आहेत, अन्याय होणार नाही, हे समर्थन कुणी आधी उच्चारले ते आता सांगता येणार नाही. फ्रँक-कोराच्या संवादासारखेच ते. ओळी मोजाव्या लागतील. एका विद्यार्थ्याने तक्रार केली: न झालेल्या चाचणीत आपल्याला अकराच गुण कसे? तक्रार अगदी रास्त होती. दोघांना स्वतंत्रपणे बोलावण्यात आले आणि स्वतंत्र लेखी खुलासा देण्यास सांगण्यात आले. 'तुम्ही दोघे एकाच घरात राहता, तरी कृपया एकमेकांशी चर्चा करू नये', असे सांगताना सांगणारे हसले होते.

आम्ही चर्चा केली नाही. त्या रात्री एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघांनी आपापला खुलासा लिहिला. त्याने लिहिले, 'गुणांची नोंद मॅडमनी केली. मी केवळ स्वाक्षरी केली.' तिने लिहिले, 'सरांच्या सूचनेवरून मी गुणांची नोंद केली.' दोन्ही वाक्ये खरी होती. असत्य एकाही वाक्यात नव्हते. फक्त 'आम्ही ठरवले' हे वाक्य दोन्ही कागदांवर नव्हते. प्रकरण पुढे मिटले. विद्यार्थ्यांची रीतसर चाचणी घेण्यात आली, तक्रार मागे घेतली गेली, कुणाला शिक्षा झाली नाही. कार्यालयातून दोघांना आपापल्या खुलाशाची प्रत मिळाली, तेव्हा तिथल्या कारकुनाने दोन्ही कागद एकत्र स्टेपल करून दोघांच्याही हाती दिले. नवराबायकोच आहेत, असे त्याला वाटले असावे.

त्यानंतर तेरा वर्षे आम्ही त्याविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. भांडण नाही, अबोला नाही. विभागात 'सर' आणि 'मॅडम', घरी तू आणि तू, सगळे पूर्ववत. केवळ कोणत्याही कागदावर दोघांनी सही करायची असली की दुसऱ्याने आधी काय लिहिले आहे ते वाचून पाहायची सवय दोघांनाही जडली. गृहकर्जाच्या कागदांपासून मुलीच्या शाळेच्या अर्जापर्यंत.

तर केनची कादंबरी उत्तरार्धात हेच सांगत राहते, अर्थात आमच्या वीस गुणांच्या अपराधाहून फार मोठ्या पटावर. सुटून आलेले दोघे पुन्हा त्याच खाणावळीत, त्याच छपराखाली राहतात. पोलिसांचे भय आता नाही. भय परस्परांचे आहे. प्रत्येकाला दुसऱ्याची सही ठाऊक आहे. मूळची ओढ मात्र शिल्लक आहे, आणि भयासह ती अधिकच तीव्र झाली आहे. मध्यमवर्गीय मराठी कादंबरीत संशय बहुधा परस्त्री-परपुरुषाच्या रूपाने येतो. तो इथेही येतो. कोरा माहेरी गेली असता फ्रँक दुसऱ्या एका स्त्रीबरोबर जातो. ती स्त्री आणि तिची ती वाघरे हा भाग आम्हाला या घट्ट विणीच्या पुस्तकात ठिगळासारखा वाटला. खरा संशय त्याहून मूलभूत आहे. एकत्र केलेल्या कृत्याचा साक्षीदार जगात एकच असतो आणि तोच आपल्या उशाशी झोपलेला असतो.

साताऱ्याला उतरलो तेव्हा वीसेक पाने उरली होती. आमच्या गावची बस लागलेली होती. आम्ही ती जाऊ दिली आणि फलाटावरच्या बाकावर बसून कादंबरी संपवली. कोराला दिवस गेले आहेत. दोघांनी लग्न केले आहे. समुद्रात ती त्याच्याबरोबर दूरवर पोहत जाते, दमते, आणि तिथे, जिथे त्याने तिला बुडवले तर कुणालाही कळणार नाही, ती स्वतःला त्याच्या हवाली करते. तो तिला किनाऱ्यावर आणतो. एवढ्या पापानंतर दोघांमध्ये पुन्हा विश्वास उत्पन्न होतो, तो असा, जीव पणाला लावून. आणि मग लगेच तिला त्रास होऊ लागतो, रुग्णालय गाठण्यासाठी तो मोटार भरधाव सोडतो, अपघात होतो आणि ती मरते. न केलेल्या खुनासाठी त्याला मृत्युदंड होतो. आपण वाचत होतो ते निवेदन त्याने फाशीची वाट पाहत लिहिलेले आहे, हे शेवटच्या दोनतीन पानांत कळते. त्या कोठडीत त्याला छळणारी गोष्ट मरण ही नाहीच. शेवटच्या क्षणी कोराला असे तर वाटले नसेल ना, की याने हे मुद्दाम केले?

पुढच्या बसमध्ये दिवेलागण झाली होती. बराच वेळ गेल्यावर आमच्यातील तिने विचारले, "ते खुलासे अजून फाइलीत असतील का रे?"

"असतील. स्टेपल केलेले."

"मी आधी वेगळं लिहिलं होतं. मग तू काय लिहितोयस याचा अंदाज घेत बसले."

"मीपण."

इतकेच बोलणे झाले. नंतर वाहकाने तिकिटे मागितली.

घरी आल्यावर आम्ही ही कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी रीतसर, पेन्सिल घेऊन, आळीपाळीने. रहस्य कळल्यावर रहस्यकथा मेली, असे मानण्याची पद्धत आहे. इथे तसे झाले नाही, कारण 'काय होणार' याची उत्सुकता गेल्यावर 'कुठल्या शब्दापाशी झाले' हे शोधण्याची गोडी लागते. दोषही दिसले. निकचा उल्लेख निवेदक बहुतेक वेळा 'ग्रीक' असाच करतो. कोराला आपल्या काळ्या केसांमुळे कुणी आपल्याला मेक्सिकन समजेल याची वाटणारी चीड आज वाचताना बोचते. शृंगारात मारझोडीला दिलेले स्थान तर आमच्यातील तिला पहिल्या वाचनातच खटकले होते. वेगाच्या भरात त्याने ते तेव्हा ओलांडले होते, याची टोचणी त्याला दुसऱ्या वाचनात लागली. हे सगळे निवेदकाचे की लेखकाचे, असा बचाव करता येतो. आम्हाला तो पुरता पटलेला नाही. कोरा मात्र या सगळ्याला पुरून उरते. आयोवातील शाळेच्या सौंदर्यस्पर्धेत जिंकून हॉलिवूडला आलेली, तिथे न टिकता खाणावळीत राबलेली ही मुलगी. तिला काहीतरी उभे करायचे आहे, खाणावळीच्या अंगणात टेबले मांडायची आहेत. फ्रँकला रस्ता हवा आहे. खून नसता झाला तरी हे दोघे सुखाने नांदले असते, असे आम्हाला वाटत नाही.

एका मुद्द्यावर आमचे अद्याप जमलेले नाही. अखेरीस फ्रँक एका सहकैद्याचे बोलणे सांगतो. त्या कैद्याने भावाला मारले आहे आणि तो म्हणतो, हे मी केले नाही, माझ्या अंतर्मनाने केले. फ्रँक ते ऐकून अस्वस्थ होतो आणि तो विचार झटकून टाकतो. आमच्यातील तो म्हणतो, अपघात हा अपघातच होता. समुद्रात तिला वाचवणारा माणूस तासाभरात तिला मारणार नाही. आमच्यातील ती म्हणते, मग निवेदन लिहायचेच कशाला? ज्याला स्वतःची खात्री आहे तो इतके लिहीत नाही. आणि अपघाताचा परिच्छेद पुन्हा वाच, समोरचा ट्रक ओलांडताना तो कुठे पाहत होता ते बघ. त्याने तो परिच्छेद चार वेळा वाचला आहे. दोघांच्याही पेन्सिलीच्या खुणा तिथे आहेत, वेगवेगळ्या शब्दांखाली.